चित्राचा शेवटचा बाइट पोहोचेपर्यंत: लिबपीएनजीसाठी स्वतःचे आउटपुट फंक्शन लिहिणे

वरचा भाग स्वच्छ आणि खालचा तिसरा हिस्सा रिकामा. असे अर्धवट चित्र दिसले की पहिला संशय पिक्सेलांवर जातो. ओळीची लांबी चुकली असेल, रंगांचा क्रम उलटा झाला असेल, लूप लवकर संपला असेल. मीही एकदा दोन दिवस पिक्सेलच तपासत बसलो होतो. पिक्सेल अगदी बरोबर होते. डिस्क भरलेली होती, आणि फाइल बंद करताना एफक्लोजने दिलेले अपयशाचे उत्तर माझा प्रोग्राम वाचतच नव्हता.

तेव्हापासून मी आउटपुटचा कोड एकच प्रश्न धरून लिहितो: या क्षणी बाइट कोणाच्या ताब्यात आहेत? लायब्ररी बाइट तयार करते, पण ते मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी आपली असते. पीएनजी चित्रे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लिबपीएनजी या लायब्ररीत ही जबाबदारी एका छोट्या फंक्शनच्या रूपाने आपल्या हाती येते. हा लेख त्या फंक्शनबद्दल आहे. सी भाषा आणि पॉइंटर तुम्हाला येतात असे धरले आहे, आणि लायब्ररीची १.६ ही शाखा समोर ठेवली आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. हेडर फाइलमध्ये ती त्याच क्रमाने, तशाच अंडरस्कोरसह रोमन लिपीत सापडतील.

बाइटांची वाट

तुम्ही पिक्सेलांची एक ओळ लायब्ररीला देता. लिबपीएनजी तिच्यावर फिल्टर चालवते आणि ती झेडलिब या आकुंचन करणाऱ्या लायब्ररीकडे सोपवते. झेडलिब तिला लगेच परत करतेच असे नाही. चांगले आकुंचन व्हावे म्हणून ती बराच मजकूर स्वतःकडे साठवून ठेवते. तिच्यातून बाहेर पडलेले बाइट लिबपीएनजीच्या बफरमध्ये जमतात. हा बफर मुळात ८,१९२ बाइटांचा असतो. तो भरला की त्याचा एक आयडीएटी चंक, म्हणजे चित्राचा मजकूर असलेला फाइलचा तुकडा, होतो आणि तो तुमच्या फंक्शनकडे येतो. तुम्ही तो सी च्या फाइल पॉइंटरला दिला तर तिथे आणखी एक बफर आहे. त्यापुढे ऑपरेटिंग सिस्टीमची कॅशे, आणि सगळ्यात शेवटी डिस्क.

म्हणजे एका ओळीला डिस्कवर पोहोचण्याआधी चार-पाच ठिकाणी थांबावे लागते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर वाट तुटली तरी परिणाम तोच, अर्धे चित्र. कारण मात्र दर वेळी वेगळे असते.

पीएनजीची रचनाच अशा प्रवाहासाठी केलेली आहे. सुरुवातीला ८ बाइटांची खूण: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यानंतर एकामागून एक चंक. प्रत्येक चंकमध्ये ४ बाइट लांबी, ४ बाइट नाव, मग माहिती आणि शेवटी ४ बाइटांचा सीआरसी, म्हणजे बिघाड ओळखण्यासाठीचा तपासणी-आकडा. लांबी प्रत्येक चंकच्या पुढेच लिहिलेली असल्यामुळे पूर्ण फाइल केवढी होणार हे आधी माहीत असावे लागत नाही, आणि लिहून झालेल्या भागाकडे परत वळावेही लागत नाही. म्हणूनच पीएनजी पाइपमध्ये, सॉकेटवर किंवा मेमरीत सारख्याच सहजतेने लिहिता येते. ही सोय सगळ्याच स्वरूपांत नाही, त्याबद्दल पुढे.

त्या खुणेतले १३, १० आणि शेवटचा सुटा १० मुद्दाम घातलेले आहेत. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली तर प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसवला जातो आणि खूणच बिघडते. त्यामुळे चूक पहिल्या ८ बाइटांतच पकडली जाते. फाइल नेहमी बायनरी मोडमध्येच उघडा. स्टँडर्ड आउटपुटवर चित्र लिहीत असाल तर विंडोजवर त्याचाही मोड आधी बदलून घ्यावा लागतो. हे विसरले जाण्याचे प्रमाण फार आहे.

मांडणी

लिहिण्याचा सांगाडा ठरलेला आहे. क्रम असा:

पीएनजी_क्रिएट_राइट_स्ट्रक्ट
पीएनजी_क्रिएट_इन्फो_स्ट्रक्ट
सेटजम्प
पीएनजी_सेट_राइट_एफएन
पीएनजी_सेट_आयएचडीआर
पीएनजी_राइट_इन्फो
पीएनजी_राइट_रो, प्रत्येक ओळीसाठी एकदा
पीएनजी_राइट_एंड
पीएनजी_डिस्ट्रॉय_राइट_स्ट्रक्ट

पहिल्या दोन्ही फंक्शनांचे उत्तर नल आहे का ते तपासा. मेमरी अपुरी पडली तर नल येतेच, पण हेडर एका आवृत्तीचे आणि प्रत्यक्ष जोडलेली लायब्ररी दुसऱ्याच, न जुळणाऱ्या आवृत्तीची असेल तरीही पहिले फंक्शन नल देते. बिल्ड यंत्रणा बदलल्यावर कोड अचानक पहिल्याच ओळीत थांबू लागला तर आधी हेच पाहावे.

चौथ्या जागी बहुतेक नमुन्यांत पीएनजी_इनिट_आयओ दिसेल. ते फाइल पॉइंटर घेते आणि लायब्ररीचे स्वतःचे, एफराइटवर चालणारे फंक्शन वापरते. साध्या प्रोग्रामसाठी ते पुरते. पण फाइलऐवजी मेमरीत किंवा नेटवर्कवर लिहायचे असेल, लिहिताना बाइट मोजायचे असतील किंवा चेकसम काढायचा असेल, तर स्वतःचे फंक्शन हवे. आणखी एक कारण विंडोजवरचे आहे. लिबपीएनजी डीएलएलमध्ये असेल आणि ती वेगळ्या सी रनटाइमवर बांधलेली असेल, तर तुमच्या रनटाइमने उघडलेला फाइल पॉइंटर तिच्या रनटाइमला कळत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. फाइल उघडणे, लिहिणे, बंद करणे हे सगळे तुमच्याच फंक्शनांत ठेवले की हा प्रश्न उरत नाही. माझे मत विचाराल तर लहान प्रोग्राम सोडून सर्वत्र पीएनजी_सेट_राइट_एफएनच वापरावे.

मेमरीत लिहिणारे फंक्शन

पीएनजी_सेट_राइट_एफएन चार गोष्टी घेते: लायब्ररीचे स्ट्रक्चर, तुमच्या माहितीचा पॉइंटर, लिहिणारे फंक्शन आणि फ्लश करणारे, म्हणजे साठलेले बाइट लगेच पुढे ढकलणारे, फंक्शन. दुसरा पॉइंटर लायब्ररी उघडून पाहत नाही, नुसता सांभाळते. तुमच्या फंक्शनमध्ये तो पीएनजी_गेट_आयओ_पीटीआर ने परत मिळतो. जुन्या कोडमध्ये लोक स्ट्रक्चरच्या आत थेट हात घालून तो काढत असत, १.५ या आवृत्तीपासून स्ट्रक्चर बंदिस्त झाले आहे आणि तसा कोड कंपाइल होत नाही.

आधी आपला साठा ठरवू. त्यात तीन गोष्टी: बाइटांचा पॉइंटर, आतापर्यंत भरलेली लांबी आणि एकूण क्षमता. सुरुवातीला तिन्ही शून्य. लिहिणाऱ्या फंक्शनला तीन गोष्टी मिळतात: लायब्ररीचे स्ट्रक्चर, बाइटांचा पॉइंटर आणि लांबी. त्याचे काम मराठीत मांडले तर असे:

साठा = पीएनजी_गेट_आयओ_पीटीआर(पीएनजी)
जर लांबी > कमाल_आकार − साठा.लांबी, तर पीएनजी_एरर(पीएनजी, "आकार फार मोठा")
गरज = साठा.लांबी + लांबी
जर गरज > साठा.क्षमता:
    नवी_क्षमता = गरज पुरेपर्यंत दुप्पट करत जा
    नवा = रीअलॉक(साठा.बाइट, नवी_क्षमता)
    जर नवा नल असेल, तर पीएनजी_एरर(पीएनजी, "मेमरी अपुरी")
    साठा.बाइट = नवा; साठा.क्षमता = नवी_क्षमता
मेमकॉपी(साठा.बाइट + साठा.लांबी, आलेले_बाइट, लांबी)
साठा.लांबी = गरज

एवढ्या लहान फंक्शनमध्येही चुकायला जागा आहेत. आकाराची तपासणी बेरीज करून नव्हे तर वजाबाकी करून केली आहे, कारण बेरीजच मर्यादेबाहेर जाऊन पुन्हा शून्यापासून मोजू लागली तर तपासणी फसते. दुप्पट करतानाही हीच काळजी घ्या: क्षमता कमाल आकाराच्या निम्म्याहून जास्त झाली असेल तर दुप्पट न करता थेट गरजेएवढीच मागा. आणि सुरुवातीची शून्य क्षमता दुप्पट करून शून्यच राहते, म्हणून पहिल्या वेळी ६४ किलोबाइटसारखा काही ठराविक आकार धरा.

रीअलॉकचे उत्तर थेट साठा.बाइटमध्ये ठेवू नका. रीअलॉक अपयशी ठरले तर ते नल देते, पण जुना तुकडा तसाच जिवंत असतो. त्याचा एकमेव पॉइंटर तुम्ही नलने पुसून टाकलात तर ती मेमरी कोणालाच मोकळी करता येणार नाही. म्हणून मधे "नवा" हा वेगळा पॉइंटर.

दर वेळी हवे तेवढेच वाढवण्यापेक्षा दुप्पट का? कारण लायब्ररी तुमच्या फंक्शनला फार वेळा बोलावते, हे पुढे दिसेलच. प्रत्येक बोलावण्याला मेमरी वाढवली तर मोठ्या चित्रासाठी तेच बाइट पुन्हा पुन्हा इकडून तिकडे हलवले जातात. १९२० × १०८० चे, पारदर्शकतेसह चार चॅनेलचे चित्र कच्च्या रूपात ८२,९४,४०० बाइट असते. ६४ किलोबाइटपासून दुप्पट करत गेलात तर एवढ्या आकारापर्यंत सात वेळा वाढवल्याने काम भागते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे फंक्शन काहीच परत करत नाही. एफराइट किंवा राइट सारखे "इतके बाइट लिहिले" असे सांगायची इथे सोय नाही. फंक्शन परत आले म्हणजे सगळे बाइट पोहोचले, असेच लायब्ररी समजते. अपयश कळवण्याची वाट एकच, पीएनजी_एरर, आणि तिथून नियंत्रण परत येत नाही. स्ट्रक्चरमध्ये एखादा झेंडा लावून मुकाट्याने परत येणारे फंक्शन मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. तसे केले तर लायब्ररी उरलेले सगळे चित्र आकुंचित करत बसते, आणि झेंडा तपासायला कोणी विसरले तर अर्धी फाइल यशस्वी म्हणून पुढे जाते.

सॉकेट किंवा फाइल डिस्क्रिप्टरवर लिहीत असाल तर राइट मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहू शकते, आणि ते अपयश नव्हे. उरलेले बाइट घेऊन पुन्हा बोलवा. सिग्नलमुळे मधेच थांबले असेल तरीही पुन्हा बोलवा. सगळे संपेपर्यंत लूप, आणि खरे अपयश आले तरच पीएनजी_एरर. समोरच्याने पाइप किंवा सॉकेट बंद केले असेल तर युनिक्सवर सिगपाइप हा सिग्नल येतो आणि मुळातल्या वागणुकीप्रमाणे तो प्रोग्रामच संपवतो. तो सिग्नल दुर्लक्षित करण्याची सूचना आधी द्या, म्हणजे राइटकडून नेहमीसारखे अपयशाचे उत्तर मिळेल आणि आवरासावर करता येईल.

लायब्ररी किती वेळा बोलावते

साध्या खरे-रंग चित्रासाठी (रंगतक्ता न वापरता प्रत्येक पिक्सेलचा रंग थेट लिहिलेले चित्र), ज्यात इतर कुठलीही माहिती जोडलेली नाही आणि आकुंचित मजकूर एकाच आयडीएटी चंकमध्ये मावतो, तुमच्या फंक्शनला आलेल्या लांब्या छापून पाहा. क्रम असा दिसेल: ८, ८, १३, ४, ८, मजकुराची लांबी, ४, ८, ४. पहिले ८ म्हणजे खूण. मग आयएचडीआर, म्हणजे चित्राची रुंदी-उंची वगैरे सांगणारा पहिला चंक: लांबी आणि नाव मिळून ८, माहिती १३, सीआरसी ४. पुढे आयडीएटी तसाच. आयईएनडी या शेवट दाखवणाऱ्या चंकमध्ये माहिती नसतेच, म्हणून फक्त ८ आणि ४. मजकूर सोडून एकूण ५७ बाइट.

हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा असे मला वाटते. स्वरूपाची रचना एकदम डोळ्यांसमोर येते, आणि एक अडचणही दिसते. प्रत्येक चंकसाठी तीन वेळा बोलावणे. आकुंचित मजकूर १ मेगाबाइट असेल तर ८,१९२ च्या हिशेबाने १२८ आयडीएटी चंक, म्हणजे ३८४ वेळा, आणि त्यातली दोन तृतीयांश बोलावणी ८ किंवा ४ बाइटांची. मेमरीत किंवा सी च्या फाइल पॉइंटरवर याने काही बिघडत नाही. पण तुमचे फंक्शन थेट सिस्टीम कॉल करत असेल, किंवा प्रत्येक तुकडा एन्क्रिप्ट करून पाठवत असेल, तर हे महागात पडते.

यावर दोन उपाय आहेत. पीएनजी_सेट_कॉम्प्रेशन_बफर_साइझ ने लायब्ररीचा बफर मोठा केला की चंक मोठे होतात आणि त्यांची संख्या घटते. हे ओळी लिहायला सुरुवात करण्याआधी करा. दुसरा उपाय, तुमच्याच स्ट्रक्चरमध्ये एक बफर ठेवून तो भरला की मगच पुढे पाठवणे. मी सहसा दुसरा निवडतो, कारण ४ बाइटांची बोलावणी त्यानेच खऱ्या अर्थाने थांबतात. मात्र तो बफर घेतला की बाइटांचा आणखी एक मुक्काम तुम्हीच तयार केला, हे लक्षात ठेवा. तो शेवटी रिकामा करण्याचे काम तुमचे.

फ्लश

इथे गैरसमज फार आहेत. पीएनजी_सेट_राइट_एफएनला फ्लशच्या जागी नल दिले तर "फ्लश नको" असा अर्थ होत नाही. लायब्ररी स्वतःचे फ्लश फंक्शन लावते, आणि ते तुमचा पॉइंटर फाइल पॉइंटर आहे असे समजून त्यावर एफफ्लश चालवते. तुमचा पॉइंटर मेमरीच्या साठ्याचा असेल तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. धोका असा की हे फंक्शन एरवी बोलावलेच जात नाही, त्यामुळे चूक महिनोन्महिने लपून राहते आणि कोणीतरी पुढे फ्लश सुरू केले की उघडी पडते. करण्यासारखे काही नसेल तर रिकामे फंक्शन द्या, पण द्याच.

दुसरा गैरसमज: शेवटी लायब्ररी फ्लश करेलच. यावर विसंबू नका. आयईएनडीनंतर फ्लश करायचे की नाही हे लायब्ररी बांधताना घेतलेल्या पर्यायावर अवलंबून आहे. पीएनजी_राइट_एंड परत आले म्हणजे सगळे बाइट तुमच्या फंक्शनला दिले गेले, एवढीच खात्री. तुमचा स्वतःचा बफर असेल तर तो त्यानंतर तुम्हीच रिकामा करा.

मग फ्लश कशासाठी? चित्र हळूहळू तयार होत असेल आणि वाचणाऱ्याने तयार झालेला भाग लवकर पाहावा असे वाटत असेल तर पीएनजी_सेट_फ्लश ने "इतक्या ओळींनंतर" असे सांगता येते, किंवा हवे तेव्हा पीएनजी_राइट_फ्लश बोलावता येते. लायब्ररी तेव्हा झेडलिबला साठवलेले बाहेर काढायला लावते. त्याची किंमत असते. आकुंचनाचा चालू गट मधेच बंद होतो आणि ०, ०, २५५, २५५ ने संपणारा एक रिकामा गट घातला जातो. दर ओळीला फ्लश केले तर फाइल चांगलीच फुगते. शिवाय त्या क्षणी नेमके किती बाइट तुमच्यापर्यंत येतील हे बफर किती भरला आहे यावरही ठरते, म्हणून एखाद्या ओळीचे शेवटचे बाइट फ्लशनंतर नक्की पोहोचले असे धरून पुढचा तर्क करू नका. फाइल डिस्कवर लिहायची असेल तर फ्लशच्या वाटेला जाऊच नये.

चूक झाली की मागे कसे यायचे

पीएनजी_एरर झाले की लायब्ररी लाँगजम्प करते आणि नियंत्रण तुमच्या सेटजम्पपाशी येते. सेटजम्पला द्यायची जागा पीएनजी_जम्पबफ हा मॅक्रो पुरवतो. पहिल्यांदा सेटजम्प शून्य देते. उडी मारून परत आल्यावर शून्याखेरीज काहीतरी. त्या शाखेत आवरासावर करायची: पीएनजी_डिस्ट्रॉय_राइट_स्ट्रक्ट बोलवा, आपला साठा मोकळा करा, अपयश कळवा. डिस्ट्रॉय तुमच्या पॉइंटरला हात लावत नाही, तो तुमचाच.

सेटजम्पनंतर बदललेले स्थानिक चल व्होलाटाइल नसतील तर उडीनंतर त्यांची किंमत काय असेल याची हमी सी भाषा देत नाही. कंपायलरने ती रजिस्टरमध्ये ठेवलेली असू शकते आणि उडीबरोबर जुनी किंमत परत येऊ शकते. नेहमीचा प्रकार असा: ओळींचा बफर सेटजम्पनंतर मॅलॉकने घेतला, चूक झाली, आणि आवरताना त्याचा पॉइंटर अजून नलच दिसला. मेमरी गळाली. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळे सुरळीत चालते, चालू केले की गळते. मी हे सोपे करून टाकतो: लागणारी सगळी मेमरी सेटजम्पच्या आधी घेतो, किंवा सगळे पॉइंटर एका स्ट्रक्चरमध्ये ठेवून ते बोलावणाऱ्या फंक्शनकडून घेतो. मग व्होलाटाइलची गरजच राहत नाही.

ज्या फंक्शनमध्ये सेटजम्प केले ते परत गेल्यानंतर उडी मारली जाणे हीही चूकच. "तयारी" नावाच्या वेगळ्या फंक्शनमध्ये सेटजम्प करून तिथून परत येणारा कोड याच कारणाने कोसळतो. ज्या फंक्शनमध्ये ओळी लिहिल्या जातात त्याच फंक्शनमध्ये सेटजम्प हवे.

सी प्लस प्लसमध्ये उडी वाटेतले डिस्ट्रक्टर चालवत नाही. तिथे व्हेक्टर किंवा स्ट्रिंग असेल तर वागणूक अनिश्चित होते. आपल्या लिहिणाऱ्या फंक्शनमधून एक्सेप्शन फेकणे हाही उपाय नव्हे, कारण ते सी च्या फ्रेममधून जाते आणि लायब्ररी त्यासाठी खास बांधलेली नसेल तर पुढे काय होईल याचा भरवसा नाही. मला चालणारी पद्धत: लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये एक्सेप्शन पकडा, ते साठ्यात जपून ठेवा, कॅच गट संपून सगळ्या वस्तू नष्ट झाल्यावर पीएनजी_एरर करा, आणि सेटजम्पपाशी आवरून झाल्यावर ते पुन्हा फेका.

स्वतःचे एरर फंक्शन दिले तर त्यानेही परत येऊ नये. संदेश जपून ठेवा आणि पीएनजी_लाँगजम्प करा. इशारे देणारे फंक्शन मात्र परत येतेच. त्यात संदेश नोंदवण्यापलीकडे काही करू नका.

ओळी

याबद्दल थोडक्यात. ओळ किती बाइटांची ते स्वतः मोजण्यापेक्षा पीएनजी_गेट_रोबाइट्सला विचारा. १६ बिटांचे नमुने पीएनजीत मोठा बाइट आधी या क्रमाने असतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरांवर पीएनजी_सेट_स्वॅप लागेल. निळा आधी असणारा बफर असेल तर पीएनजी_सेट_बीजीआर. ही रूपांतरे पीएनजी_राइट_इन्फोनंतर आणि पहिल्या ओळीच्या आधी सांगायची. इंटरलेसिंग (चित्र आधी ढोबळ, मग हळूहळू स्पष्ट दिसावे अशी मांडणी) निवडले तर पूर्ण चित्र ७ फेऱ्यांत द्यावे लागते. सगळ्या ओळी मेमरीत असतील तर पीएनजी_राइट_इमेज ते सांभाळते.

आणि ओळी मोजा. आकुंचनाचा प्रवाह बंद होतो तो शेवटची ओळ दिल्यावरच. एक ओळ कमी दिली तर झेडलिबकडे अडकलेला मजकूर बाहेर येत नाही, आणि दिसणारी उणीव एका ओळीपेक्षा पुष्कळ मोठी असते.

फाइलवर लिहिताना शेवटचा टप्पा

पीएनजी_राइट_एंड यशस्वी झाले तरी काम संपलेले नाही. सी च्या बफरमध्ये बाइट असतील आणि डिस्क भरली असेल तर ते एफफ्लश किंवा एफक्लोजला कळते. दोन्हींची उत्तरे तपासा. सुरुवातीला सांगितलेला माझा बिघाड नेमका इथलाच.

जुनी फाइल बदलून नवी ठेवायची असेल तर जुनीवर थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने फाइल उघडा, चित्र लिहा, एफफ्लश करा, एफसिंक करा (ऑपरेटिंग सिस्टीमची कॅशे डिस्कवर उतरवा), बंद करा, प्रत्येक पायरीचे उत्तर पाहा, आणि सगळे यशस्वी झाले तरच रीनेम करा. पॉझिक्सवर (युनिक्ससारख्या सिस्टीमच्या मानकात) रीनेम अखंड असते: पाहणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, मधली अवस्था कधीच नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे कारण, दोन वेगळ्या फाइल सिस्टीममध्ये रीनेम चालत नाही. विंडोजवर सी चे साधे रीनेम त्या नावाची फाइल आधीच असेल तर अपयशी ठरते. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचे बदली करणारे फंक्शन वापरा. अपयश आले की तात्पुरती फाइल पुसा.

एवढे सगळे नको असेल तर

१.६ मध्ये सोपी एपीआय आहे. पीएनजी_इमेज हे स्ट्रक्चर शून्याने भरा, त्यात आवृत्ती, रुंदी, उंची आणि स्वरूप लिहा, आणि पीएनजी_इमेज_राइट_टू_फाइल किंवा पीएनजी_इमेज_राइट_टू_मेमरी बोलवा. सेटजम्पची भानगड आतल्या आत मिटते. उत्तर शून्य आले तर स्ट्रक्चरमधला संदेश वाचायचा. मेमरीत लिहिताना बफरच्या जागी नल दिले तर ते फक्त लागणारा आकार सांगते, पण त्यासाठी पूर्ण चित्र आकुंचित करून पाहते. म्हणजे आकार विचारून मग लिहिणे हे दुप्पट काम. त्यापेक्षा कमाल आकार सांगणाऱ्या मॅक्रोने बफर घ्या आणि एकदाच लिहा. आणखी एक बारकावा: ओळींमधले अंतर बाइटांत नव्हे तर घटकांत द्यायचे असते. ८ बिटांत फरक पडत नाही, १६ बिटांत पडतो.

शेजारच्या लायब्ररींकडे जाताना

लिबपीएनजीची सवय घेऊन जेपेग चित्रांच्या लिबजेपेगकडे गेलात तर ठेच लागते. तिथे बफर तुमचा असतो आणि लायब्ररी तो भरते. भरला की एम्प्टी_आउटपुट_बफर बोलावले जाते, आणि त्या वेळी पूर्ण बफर लिहायचा असतो. "पुढचा बाइट" आणि "शिल्लक जागा" ही दोन्ही क्षेत्रे त्या क्षणी विश्वासार्ह नसतात. त्यांवरून लांबी काढली तर बाइट गळतात. शिल्लक जागेवरून हिशेब फक्त शेवटी, टर्म_डेस्टिनेशनमध्ये करायचा. जेपेग_अबॉर्ट किंवा जेपेग_डिस्ट्रॉय केले तर टर्म_डेस्टिनेशन बोलावले जात नाही. आणि मुळातला एरर_एक्झिट, म्हणजे चूक झाल्यावर बोलावले जाणारे फंक्शन, सरळ प्रोग्राम बंद करतो, म्हणून तो बदलल्याशिवाय ही लायब्ररी कुठल्याही सर्व्हरमध्ये घालू नका.

टिफ चित्रांच्या लिबटिफची गोष्ट मुळातच वेगळी. टिफच्या ८ बाइटांच्या हेडरमध्ये शेवटच्या ४ बाइटांत पहिल्या डिरेक्टरीची जागा असते, आणि ती सहसा मागाहून भरली जाते. म्हणून स्वतःची फंक्शने देण्यासाठीच्या टिफक्लायंटओपनला लिहिण्याबरोबर सीक (फाइलमध्ये मागेपुढे जाणे) आणि वाचनही द्यावे लागते. पुढचे पान जोडताना ती आधी लिहिलेली डिरेक्टरी वाचते. मेमरीतल्या साठ्यात मग "सध्याची जागा" हे चौथे क्षेत्र हवे, आणि लांबी जागेपेक्षा वेगळी मोजावी लागते. सॉकेटवर टिफ पाठवायचे असेल तर आधी मेमरीत पूर्ण करा. वेबपी चित्रांच्या लिबवेबपीमध्ये लिहिणारे फंक्शन १ किंवा ० परत करते, आणि मेमरीत लिहिणारा तयार प्रकार लायब्ररीसोबतच येतो.

तपासणी

आता सगळ्यात उपयोगी पायरी. लिहिणाऱ्या फंक्शनचा एक खोटा भाऊ तयार करा: तो ठराविक संख्येचे बाइट निमूट स्वीकारतो आणि ती संख्या ओलांडली की पीएनजी_एरर करतो. एक लहान चित्र घ्या, ३२ × ३२ पुरे. आधी ते पूर्ण लिहून एकूण बाइट किती होतात ते पाहा. मग मर्यादा ० पासून सुरू करून एकेकाने वाढवत, प्रत्येक मर्यादेसाठी चित्र पुन्हा लिहा, आणि हे सगळे ॲड्रेस सॅनिटायझर किंवा व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनांखाली चालवा.

अपेक्षा स्पष्ट असते. एकूण बाइटांपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक मर्यादेला तुमचे बाहेरचे फंक्शन अपयश सांगते, एकही बाइट मेमरी गळत नाही, तात्पुरती फाइल मागे राहत नाही. मर्यादा एकूण बाइटांएवढी झाली की यश, आणि निघालेले बाइट पहिल्या वेळच्या बाइटांशी तंतोतंत जुळतात. हीच फेरी ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू अशी दोनदा करा, कारण व्होलाटाइलची चूक दुसऱ्या वेळीच दिसते. मग मॅलॉकसाठीही असाच खोटा भाऊ करा: पहिली मागणी नाकारणारा, दुसरी नाकारणारा, तिसरी. लायब्ररीला स्वतःचे मेमरी फंक्शन देता येते, पीएनजी_क्रिएट_राइट_स्ट्रक्ट_२ मधून.

पहिल्यांदा ही चाचणी चालवली तेव्हा माझ्याकडे सगळे आलबेल होते, फक्त शेवटच्या ४ बाइटांची मर्यादा सोडून. आयईएनडीचा सीआरसी माझ्या स्वतःच्या बफरमध्ये पडून होता, आणि तो रिकामा करणारी ओळ सेटजम्पच्या कक्षेबाहेर, उत्तर न तपासता लिहिलेली होती. ती ओळ आत घेतली, उत्तर तपासले, आणि फेरी पुन्हा ० पासून चालवली.